टायगर रणगाडा मध्ये आणण्यापूर्वी
(महायुद्धांतील जर्मन आणि दोस्त सैन्यांवर वाद घालणाऱ्यांसाठी)

काय करावे

- आधी युद्ध, आघाडी आणि वर्ष ठरवून घ्या. "जर्मन सैन्य भारी होते" या वाक्यात कैसरचे १९१४ चे पायदळही बसते आणि १९४४ चे नॉर्मंडीतले थकलेले पायदळही.

- 'ठार' आणि 'हताहत' हे शब्द वेगळे ठेवा. सोमच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिशांचे हताहत ५७,४७०. त्यांतले मृत १९,२४०. निम्मी भांडणे इथेच मिटतात.

- पाडलेल्या विमानांचा आकडा पाडणाऱ्याकडून घेऊ नका, गमावणाऱ्याच्या वहीतून घ्या: १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले, प्रत्यक्षात ती साठच्या आसपास निघाली.

- त्या वहीतही 'कायमचे गेले' आणि 'दुरुस्तीला पाठवले' हे रकाने वेगळे वाचा. मैदान ज्याच्या हाती राहते तो आपले मोडके रणगाडे ओढून नेतो आणि पुन्हा उभे करतो.

- चिलखताची जाडी मोजण्याआधी आत किती माणसे बसत ते विचारा. १९४० च्या फ्रेंच शार बी-१ च्या बुरुजात एकच माणूस असे: तोच बाहेर बघायचा, तोच नेम धरायचा, तोच तोफ भरायचा आणि हुकूमही तोच सोडायचा. जर्मन पॅन्झर-४ च्या बुरुजात या कामांना तिघे होते. कागदावर मात्र फ्रेंच रणगाडा जड, जाड आणि जास्त तोफांचा दिसतो.

- जर्मन सेनापतींच्या आठवणी जरूर वाचा, पण आरोपीचा जबाब वाचावा तशा. मानश्टाइनच्या पुस्तकात चूक बहुधा हिटलरची असते, आणि हिटलर उत्तर द्यायला उरलेला नसतो. लेखकाला १९४९ मध्ये हॅम्बुर्गला ब्रिटिश लष्करी न्यायालयाने युद्धगुन्ह्यांसाठी शिक्षा दिली होती, हेही लक्षात ठेवा.

- पुस्तक हातात घेतले की प्रकाशनवर्ष बघा. ब्रिटनच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे गुप्त संदेश वाचले जात होते हे १९७४ पर्यंत जवळपास कुणी छापले नव्हते. म्हणून त्याआधीच्या पुस्तकांत सेनापतींची 'अंतःप्रेरणा' जरा जास्तच भेटते. सोव्हिएत दप्तरे तर १९९१ च्या सुमारास उघडू लागली.

- एनिग्मा हे जर्मन सांकेतिक यंत्र फोडण्याचे श्रेय वाटताना सुरुवात पोलंडपासून करा. मारियान रेयेव्स्कीने तिचे कोडे १९३२ च्या डिसेंबरातच सोडवले होते.

- शौर्याआधी रसद विचारा. १९४१ च्या रशियावरील स्वारीत जर्मनांनी सुमारे सहा लाख घोडे नेले. 'यांत्रिक सैन्य' ते हेच. रशियन रूळ १५२४ मिलिमीटरचे, जर्मन १४३५ चे. म्हणजे पुढे सरकाल तितका लोहमार्ग बदलून घ्या, नाहीतर माल उतरवून पुन्हा भरा. मिरजेला गेज बदलले म्हणून बोचकी घेऊन फलाट ओलांडलेल्यांना यापुढे काही सांगायला नको.

- दुसऱ्या महायुद्धाची मांडणी पूर्व आघाडीपासून करा. सोव्हिएत संघाचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक मेले, आणि जर्मन सैन्यही सर्वांत जास्त तिथेच खपले.

- त्याच दमात लेंड-लीजही सांगा: अमेरिकेकडून रशियाला चार लाखांच्या आसपास ट्रक आणि जीप गेल्या. दोन्ही गोष्टी सांगणारा कोणत्याच गटाला आवडत नाही, तरी सांगा.

- 'ब्रिटिश सैन्य' म्हणताना त्यात कोण होते ते बघा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले. ते एकटे मशीनगनवर धावले, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी संपवले. जिंकलेल्या त्याच मोर्च्यावर ते जर्मन गोळ्यांनी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

- पराभवही आपल्या यादीत धरा. पुण्याचे नाव लावणारी सहावी डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ ला कुत येथे तुर्कांना शरण गेली, आणि वेढा घालणारी तुर्की फौज काही काळ जर्मन फील्डमार्शल फॉन डर गोल्त्सच्या हाताखाली होती.

- घरात पणजोबांचे पदक असेल तर कड वाचा; पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर शिपायाचे नाव, नंबर आणि पलटण कोरलेली असते. घरात चालत आलेल्या गोष्टीपेक्षा ती कड भरवशाची.

- शहराचे तेव्हाचे आणि आताचे अशी दोन्ही नावे द्या. लेम्बर्ग, ल्वूफ आणि ल्व्हिव्ह एकच आहे.

- तारखेबरोबर घड्याळ कुठले तेही सांगा: शरणागती अमलात आली तेव्हा बर्लिनमध्ये ८ मे १९४५ ची रात्र होती, मॉस्कोत ९ मे उजाडला होता. दोघांचे विजयदिन म्हणून वेगळे.

- छायाचित्र पुरावा म्हणून दाखवण्याआधी ते कधी आणि कसे काढले ते शोधा. राइशस्टागवर लाल झेंडा फडकतानाचा खाल्देईचा फोटो २ मे १९४५ ला मुद्दाम मांडणी करून घेतलेला. वर, एका सैनिकाच्या हातावरचे दुसरे घड्याळ खरवडून काढलेले. ते लुटीचे वाटेल ही भीती.

काय टाळावे

- दर चर्चेत टायगर आणू नका. टायगर-१ झाले सुमारे १,३५०. शर्मन ४९ हजारांच्या घरात. नॉर्मंडीतले दोस्त सैनिक दिसेल त्या जर्मन रणगाड्याला टायगर म्हणत, पण त्यांच्यावर तोफ रोखलेली असे, तुमच्यावर नाही.

- 'ब्लिट्झक्रीग' हे जर्मन सैन्याचे छापील, ठरलेले युद्धशास्त्र होते असे सांगू नका; तो शब्द वर्तमानपत्रांनी जास्त वापरला.

- पोलिश घोडदळ भाले घेऊन रणगाड्यांवर धावले, ही कथा पुन्हा सांगू नका. १ सप्टेंबर १९३९ ला क्रोयान्तीजवळ त्यांनी जर्मन पायदळावर हल्ला केला. चिलखती गाड्या मागून आल्या.

- जर्मन पराभव रशियाच्या थंडीवर ढकलू नका. १९४१ चा ऑगस्ट संपेपर्यंतच त्या आघाडीवर त्यांचे चार लाखांच्या आसपास हताहत झाले होते, आणि ऑगस्टात बर्फ पडत नाही.

- "सैन्य स्वच्छ, गुन्हे फक्त एसएसचे" हे म्हणू नका. पकडलेल्या कोमिसारांना, म्हणजे सोव्हिएत सैन्यातल्या राजकीय अधिकाऱ्यांना, जागीच मारण्याचा ६ जून १९४१ चा हुकूम लष्करी मुख्यालयातून निघाला. सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले, आणि त्यांची जबाबदारी प्रामुख्याने सैन्याकडेच होती.

- एकाच्या गुन्ह्याने दुसऱ्याचा वजा करू नका. कातिनचे पोलिश अधिकारी सोव्हिएतांनी १९४० मध्ये मारले आणि १९९० मध्ये ते कबूल केले. त्याने जर्मनांनी बाबी यारला दोन दिवसांत मारलेल्या ३३,७७१ ज्यूंपैकी एकही कमी होत नाही.

- ड्रेस्डेनच्या मृतांचा दोन लाखांचा आकडा फेकू नका. तो नाझी प्रचारखात्याने फुगवलेला. इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये वरची मर्यादा २५ हजार ठरवली. हल्ला भयंकर होता हे म्हणायला तेवढे पुरेत.

- १९१८ च्या जर्मन सैन्याच्या "पाठीत खंजीर खुपसला" असे म्हणू नका. आपल्या राजकारणात हा वाक्प्रचार रोज चालतो, चालू द्या. पण शस्त्रसंधी तातडीने मागा म्हणून सप्टेंबरअखेर स्वतः जर्मन सेनापती लुडेनडोर्फच मागे लागला होता.

- सोमचा ब्रिटिश सेनापती हेग सांगून १९१८ चा हेग झाकू नका. ८ ऑगस्टला आमियाँपाशी जर्मन फळी फुटली ती त्याच सैन्याकडून.

- रोमेलच्या चातुर्याची आरती करू नका. १९४२ च्या जूनपर्यंत कैरोतल्या अमेरिकन लष्करी प्रतिनिधीचे संदेश त्याच्या टेबलावर येत होते.

- सुभाषबाबूंचा विषय निघाला की आझाद हिंद सेना आणि जर्मनीतील फ्री इंडिया लीजन एक करू नका. पहिली आग्नेय आशियातली, दुसरी ऑगस्ट १९४४ मध्ये वाफेन-एसएसकडे सोपवली गेली.

- पहिल्या महायुद्धातल्या जर्मनाला नाझी म्हणू नका. तो पक्षच तेव्हा नव्हता.

- 'जर-तर' एका बैठकीत एकापेक्षा जास्त घेऊ नका, आणि घेतलात तर पेट्रोल कुठून येणार ते आधी सांगा.

- नोकरीला म्युनिक किंवा श्टुटगार्टला असाल तर गंमत म्हणूनही हात पुढे करून सलाम ठोकू नका. तिथे तो गुन्हा आहे.

- समोरच्याच्या आकड्याला 'तुम्ही त्यांचेच' असे उत्तर देऊ नका. आकडा खोटा असेल तर आकडाच मोडा.

- जर्मन युद्धनौका बिस्मार्क तोफांनी बुडाली की खलाशांनीच बुडवली, यावर रात्र घालवू नका. २७ मे १९४१ च्या सकाळी दोन्ही चालू होते.