नाव तेच, आतला माल वेगळा

ऑगस्ट २०२१मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाच्या परीक्षकांनी क्रूशियल पी२ ही ५०० जीबीची एसएसडी दुकानातून विकत आणली आणि नव्याने तपासली. २०२०मध्ये ती बाजारात आली तेव्हाही त्यांनी तिचं परीक्षण केलं होतं. तेव्हा आत टीएलसी फ्लॅश होती. दुकानातून आणलेल्या नगात निघाली क्यूएलसी. मॉडेलचं नाव तेच होतं, पण कॅशे भरल्यावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ४० एमबीवर आला. साधी हार्ड डिस्कसुद्धा याहून बरंच भरभर लिहिते. ज्या ग्राहकांनी २०२०चं परीक्षण वाचून पुढच्या वर्षी ही एसएसडी घेतली, त्यांना मॉडेलच्या नावावरून हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

टीएलसीच्या एका सेलमध्ये तीन बिट राहतात, म्हणजे व्होल्टेजच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत बिट चार आणि पातळ्या १६. तेवढ्याच सिलिकॉनमध्ये जास्त डेटा मावतो, म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते; पण लिहायला वेळ लागतो आणि सेल लवकर झिजतात. हा संथपणा झाकण्यासाठी कंट्रोलर रिकाम्या जागेतला काही भाग कॅशे म्हणून वापरतो आणि तिथे सेलमागे एकच बिट लिहितो. कॅशेत जागा आहे तोवर एसएसडी पळते. ती भरली की खरा वेग उघडा पडतो. एसएसडी आधीच निम्मीअधिक भरलेली असेल, तर कॅशेही आक्रसलेली असते.

माझ्यासोबत झालं ते याच जातीचं. मी लग्नांच्या आणि नाटकांच्या चित्रीकरणाचं एडिटिंग करते. त्यावरच घर चालतं. १ टीबीची एसएसडी घ्यायची म्हणून मी मिळतील तेवढी परीक्षणं वाचली, तक्ते ताडून पाहिले, आणि सलग लिहिण्यात जी टिकते असं सगळ्यांनी लिहिलं होतं तीच निवडली. सगळ्या परीक्षणांत टीएलसी असं स्वच्छ नमूद होतं. एका लग्नाचं तीन कॅमेऱ्यांचं फुटेज तिच्यावर उतरवायला घेतलं आणि अर्ध्या वाटेत विंडोजचा आलेख जो कोसळला तो वर आलाच नाही. केबल बदलली, स्लॉट बदलला, तापमान पाहिलं, फर्मवेअर पाहिलं. काहीच फरक नाही. शेवटी फ्लॅशची ओळख वाचणारं एक छोटं सॉफ्टवेअर चालवलं. पडद्यावर एका ओळीत उत्तर आलं: क्यूएलसी. परीक्षणातला कंट्रोलरही हा नव्हता.

दुकानात गेल्यावर जे घडलं ते आजही डोक्यातून जात नाही. दुकानदाराने एसएसडी लावली, क्रिस्टलडिस्कमार्क उघडलं आणि ठरावीक १ जीबीची चाचणी चालवून स्क्रीन माझ्याकडे वळवली. “बघा मॅडम, बॉक्सवर लिहिलाय तेवढा स्पीड येतोय.” येणारच. १ जीबी कुठल्याही एसएसडीच्या कॅशेत बसतो. मी म्हटलं, २०० जीबीचं फोल्डर कॉपी करून दाखवा. त्यावर तो दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला, “लग्नाच्या व्हिडिओला एवढं कशाला लागतं?” माझं काम कशाला म्हणतात हे ठरवण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? त्याने चाचणी केली नाही ती नाहीच. कंपनीचं उत्तर त्याहून थंड होतं: पूर्वसूचना न देता तपशील बदलण्याचा हक्क राखीव आहे आणि जाहीर केलेला कमाल वेग मिळतो आहे, म्हणून तक्रार बंद.

हा प्रकार एका कंपनीपुरता नाही. त्याच ऑगस्टमध्ये डब्ल्यूडीच्या ब्लू एसएन५५० या लोकप्रिय एसएसडीतली फ्लॅश बदलल्याचं उघड झालं. कॅशे संपल्यावरचा वेग ६१० एमबीवरून ३९० एमबीवर आला होता. बभ्रा झाल्यावर कंपनीने कबूल केलं की जाहीर तपशिलांवर परिणाम करणारा बदल असेल तर यापुढे मॉडेल नंबरही बदलू. सॅमसंगने २०२१मध्येच ९७० इव्हो प्लसचा कंट्रोलर बदलला. त्यात कॅशे मोठी झाली, पण ती भरल्यानंतरचा वेग जवळपास निम्म्यावर आला. फरक एवढाच की त्यांनी बॉक्सचं रूप, पार्ट नंबर आणि तपशीलपत्रक हे तिन्ही बदललं, त्यामुळे बघणाऱ्याला नवा नग ओळखता येत होता. इतकी साधी गोष्ट सगळ्यांना का जमू नये?

ग्राफिक कार्डांत हीच खेळी नावाच्या आडून चालते. एनव्हिडियाच्या जीटी १०३०मध्ये आधी जीडीडीआर५ मेमरी होती, बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबी. २०१८मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं आणि बँडविड्थ १६.८ जीबीवर आली. गेममध्ये फ्रेम निम्म्यावर येतात, आणि दुकानात दोन्ही ‘टू जीबी टेन थर्टी’ म्हणूनच विकली जातात. आरटीएक्स ३०५०च्या ८ जीबी कार्डात २५६० कोअर आणि १२८ बिटची बस आहे. ६ जीबीच्या कार्डात कोअर २३०४ आणि बस ९६ बिट. गिऱ्हाइकाला वाटतं, फक्त २ जीबी मेमरी कमी आहे. जीटीएक्स ९७०च्या ४ जीबीपैकी शेवटचा अर्धा जीबी संथ असल्याचं एनव्हिडियाने जानेवारी २०१५मध्ये मान्य केलं, तोवर कार्ड विकायला लागून महिने उलटले होते. अमेरिकेत खटला झाला आणि २०१६मध्ये कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. आपल्याकडच्या खरेदीदारांसाठी त्या तडजोडीत काही नव्हतं.

हार्ड डिस्कच्या बाबतीत तर जिवावर बेतणारी गोष्ट झाली. जिवावर म्हणजे डेटाच्या. डब्ल्यूडी रेड या नेटवर्क स्टोरेजसाठी (नॅस) विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये काही क्षमतांना एसएमआर तंत्र घातलं होतं आणि तसं कुठे सांगितलं नव्हतं. त्यात कौलांसारखे एकावर एक चढवलेले ट्रॅक असल्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एप्रिल २०२०मध्ये हे बाहेर आलं. ‘सर्व्ह द होम’ या संकेतस्थळाने झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या डिस्कसंचात बिघडलेल्या डिस्कच्या जागी ही डिस्क बसवली, तेव्हा पुनर्बांधणीला नऊ दिवसांहून जास्त लागले, इतर डिस्कना याच कामाला एक दिवसही लागला नव्हता. आता ट्रॅक असे न चढवलेल्या, म्हणजे सीएमआर, डिस्क ‘रेड प्लस’ नावाने वेगळ्या विकल्या जातात. घरच्या किंवा स्टुडिओच्या नॅससाठी डिस्क घेताना सीएमआर असं लेखी पाहिल्याशिवाय घेऊ नये.

परीक्षणाची आणखी एक मर्यादा वाचकांनी ध्यानात घ्यावी. परीक्षण बहुधा पहिल्या आठवड्यातलं असतं. इंटेलचे १३व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर ऑक्टोबर २०२२मध्ये आले तेव्हा सगळीकडे वाहवा झाली. काही नग जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होतात हे पुढे यायला २०२४ उजाडलं. कंपनीने ऑगस्ट २०२४मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड दिला आणि बॉक्समध्ये विकलेल्या १३व्या-१४व्या पिढीच्या संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी तीनवरून पाच वर्षं केली. ‘बॉक्समध्ये विकलेल्या’ याकडे लक्ष द्या. लॅमिंग्टन रोडवर किंवा नेहरू प्लेसला थोडे पैसे वाचतात म्हणून बॉक्सशिवाय मिळणारा ट्रे प्रोसेसर घेणाऱ्यांची वॉरंटी विकणाऱ्याच्या हातात असते, इंटेलच्या नाही.

तेव्हा खरेदी करताना काय पाहायचं? परीक्षणाची तारीख सगळ्यात आधी. मग त्याच मॉडेलची वर्षभरानंतरची, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या नगाची चाचणी कुणी केली आहे का ते शोधा. परीक्षणातल्या फोटोत लेबलवरचा पार्ट नंबर दिसतो. तो आणि दुकानातल्या बॉक्सवरचा नंबर अक्षर न अक्षर जुळवा. एसएसडी घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी, परत करायची मुदत चालू असताना, ती अर्ध्याहून जास्त भरा आणि मग दुसऱ्या वेगवान ड्राइव्हवरून २००–३०० जीबी एका दमात कॉपी करा. क्रिस्टलडिस्कमार्कच्या आकड्यावर समाधान मानू नका. स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. मला ते फार उपयोगी पडलं. ग्राफिक कार्ड लावल्या लावल्या जीपीयू-झेडमध्ये मेमरीचा प्रकार, बसची रुंदी आणि कोअरची संख्या बघा. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओही काढा, त्यात सील आणि सिरीयल नंबर वाचता यायला हवा.

संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या बाबतीत ‘६०० वॅट’ या मोठ्या अक्षरांकडे न बघता बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रेलला किती अँपिअर दिलेत ते वाचा. ५० अँपिअर असतील तरच १२ व्होल्टवर ६०० वॅट होतात. ८० प्लसचा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे. शॉर्ट सर्किट झालं तर एसएमपीएस बंद पडेल की पेट घेईल, याबद्दल तो शिक्का काही सांगत नाही. बाकी नेहमीचं आहेच: चार ठिकाणी भाव विचारा, सेलच्या घाईत घेऊ नका, बिनबिलाचा माल घेऊ नका.

बिलाचं थोडं सविस्तर सांगते. जीएसटी क्रमांक, पूर्ण मॉडेल, पार्ट नंबर आणि सिरीयल नंबर बिलावर हवेत. नुसतं ‘एसएसडी १ टीबी’ असं लिहिलेलं बिल नाकारा. माझ्या दुकानदाराचा शेवटचा पवित्रा होता, “बिल स्टुडिओच्या नावावर आहे, तुम्ही ग्राहक होत नाही.” हे साफ खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये स्पष्टीकरण आहे की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. वस्तूचा दर्जा आणि प्रमाण यांची माहिती मिळणं हा याच कायद्याने दिलेला हक्क आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे काम झालं नाही तर जिल्हा आयोग आहे: पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. मी १९१५वर तक्रार नोंदवली, बिल आणि रेकॉर्डिंग जोडलं आणि दुकानाने पूर्ण पैसे परत दिले. दिलगिरीचा एक शब्दही त्यासोबत आला नाही. माझ्या वाया गेलेल्या कामाचं तर कुणी नावही काढलं नाही.

आता मराठीतही हार्डवेअरचे व्हिडिओ करणारी मंडळी आहेत आणि त्यांच्या शब्दावर कॉलेजची मुलं वर्षभर साठवलेले पैसे खर्च करतात. त्यांच्याकडे माझं मागणं आहे. नग कंपनीने पाठवला की दुकानातून घेतला ते पहिल्या मिनिटाला सांगा, पार्ट नंबर कॅमेऱ्यासमोर धरा, आणि त्याच मॉडेलचा दुसरा नग सहा महिन्यांनी विकत घेऊन पुन्हा तपासा. आतला माल बदललेला आढळला तर जुन्या व्हिडिओच्या माथ्यावर तसं ठळक लिहा.