मुख्य किल्ली कोणाजवळ असावी ?

लिनक्स प्रणालीच्या संगणकावर एक खातें व्यवस्थापकाचें असतें, त्यास ‘रूट’ म्हणतात. बाकीचीं सामान्य वापरणारांचीं. रूटास सर्व कांहीं करितां येतें, इतरांस आपापल्या फाइलींपुरतें. एकाच्या चुकीनें सर्वांचें काम बुडूं नये, हा यांतील हेतु. व तो आम्हांस मान्य आहे.

परंतु कुलपें किती असावीं ? १९९१ सालीं लिनक्स लिहावयास घेणारे लिनस टोर्वाल्ड्स यांनींच २०१२ च्या फेब्रुवारींत संतापून जाहीर तक्रार केली. त्यांच्या मुलीनें शाळेंतून फोन केला होता. कारण ओपनसूसे प्रणालींत शाळेचा प्रिंटर जोडण्यासहि रूटचा परवलीचा शब्द हवा होता! असा शब्द पदोपदीं मागितला म्हणजे पालक कंटाळून तो मुलांसच सांगून टाकितात. मग कुलूप असून नसल्यासारखेंच.

उलट, २००९ च्या नोव्हेंबरांत फेडोरा १२ नें संगणकासमोर बसलेल्या कोणासहि विश्वसनीय भांडारांतील प्रोग्रॅम परवलीच्या शब्दावांचून बसवूं दिले. मोठा गहजब होऊन कांहीं दिवसांतच ती मोकळीक मागें घ्यावी लागली.

म्हणून मनुष्य कोण, एवढेंच न पाहतां काम कोणतें, हेंहि पाहावें. पोलकिट नामक योजना तसें पाहते : समोर बसलेल्यास पेनड्राइव्ह उघडूं द्यावा, दुरून जोडलेल्यास अडवावें, इत्यादि. आमच्या मतें प्रिंटर जोडणें मोकळें असावें. सर्वांचें घड्याळ बदलणें नसावें. प्रोग्रॅमांविषयीं म्हणाल, तर फ्लॅटपॅकच्या योगें ते केवळ आपल्या खात्यापुरते बसवितां येतात, आणि त्यास रूटची गरजच पडत नाहीं.