लेकरू फडावर का जाते? आईबापांची बाजू



मागच्या अभ्यासवर्गात आरतीनंतर बीड जिल्ह्यातल्या हंगामी वसतिगृहासाठीचे आवाहन वाचून दाखवले. तेव्हा मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारले, "आईबापच जर लेकरांना कामावर घेऊन जातात, तर आपण इथून पैसे पाठवून काय उपयोग? आधी त्या आईबापांना समज द्यायला हवी." बऱ्याच माना डोलल्या. विश्वस्त मंडळाने मला या प्रश्नावर चार शब्द लिहायला सांगितले, कारण माझे माहेर नगर जिल्ह्यात आणि नोकरीची सगळी वर्षे इथल्या शाळेत गेली. काकांचा प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे.

आधी ऊसतोडीचे काम कसे चालते ते पाहू. आपल्यापैकी मुंबई-पुण्याकडच्यांना ते फारसे माहीत नसते. बीड, अहिल्यानगरचा दक्षिण भाग, जालना, धाराशिव या कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. मजुरी माणसाला नसते, कोयत्याला असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम पावसाळ्यातच या जोडीला उचल देतो, कधी काही हजार, अलीकडे लाखाच्या घरातही. ती उचल हंगामभर ऊस तोडून फेडायची. मजुरी टनावर. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

या पद्धतीत लेकराचे नाव कुठल्याही वहीत नसते. दहा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. बारा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधतो, वाढे गोळा करतो. त्यांना कोणी मजुरी देत नाही, पण त्यांच्यामुळे आईचा खाडा वाचतो आणि टन वाढतो. तपासणीला कोणी आलेच तर बाप म्हणतो, "आमचंच लेकरू आहे, आमच्यासंगं आलंय." कायद्यातही इथे फट आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली. पण शाळेची वेळ सोडून घरच्यांना हातभार लावण्याची मोकळीक राहिली. फडावर शाळेची वेळ कुठली आणि घरची वेळ कुठली, हे ठरवणार कोण?

आता आईबापांच्या मताकडे वळू. त्यांना शिक्षणाची किंमत नसते, हा समज फार जुना आहे. १९९६ मध्ये काही अभ्यासकांनी बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश अशा राज्यांतल्या खेड्यांत घरोघरी जाऊन आईबापांना विचारले. 'प्रोब' या नावाने तो अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाने शिकणे महत्त्वाचे आहे असे शंभरातल्या ९८ आईबापांनी सांगितले. मुलीच्या बाबतीत ८९ जणांनी. त्या काळी शिक्षणात सगळ्यांत मागे मानल्या गेलेल्या राज्यांतले हे आकडे आहेत. म्हणजे समज द्यायची राहिली आहे असे काही दिसत नाही. अडते ते पुढच्या पायरीवर.

ती पायरी जोतिराव फुल्यांनी फार आधी दाखवून दिली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी लिहिले की खेड्यातले कुणबी मुलांना शाळेत घालत नाहीत, ते अतिशय गरिबीमुळे आणि गुरे राखायला, शेत सांभाळायला मुले लागतात म्हणून. त्यांनी आईबापांना दोष दिला नाही. उपाय सुचवले. शाळा वाढवा, शिष्यवृत्त्या द्या, सहामाही नाहीतर वार्षिक बक्षिसे द्या, म्हणजे मुले टिकतील. आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. सक्ती हवी आणि सोबत घराला आधारही हवा, ही जोड त्यांनी त्या वेळी घातली. पुढच्या सगळ्या योजना यांपैकी एक घेऊन दुसरे विसरत आल्या, असे मला वाटते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपयापर्यंत दंड होता. उलट बाजूने, १९९२ पासून महाराष्ट्रात दुर्बल घटकांतल्या लहान मुलींना शाळेत हजर राहण्याबद्दल दिवसाला एक रुपया भत्ता सुरू झाला. पण ज्या आईचा एक खाडा शेकड्यांत जातो तिच्या हिशेबात तो रुपया बसतच नव्हता. दुपारच्या जेवणाने मात्र फरक पडला. १९९५ मध्ये देशभर योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी महिन्याला तीन किलो धान्य घरी दिले जायचे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला. तेव्हापासून मूल शाळेत गेले की एक वेळचे जेवण झाले, हे आईला दिसू लागले.

आपण राहतो त्या लँकेशायरचा दाखलाही इथे घ्यायला हवा, नाहीतर हे सगळे 'तिकडचे' वाटेल. या गावांतल्या कापड गिरण्यांत अर्धवेळ मुले असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही बारा वर्षांचे मूल अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत. ही पद्धत बंद करण्याचा विषय निघाला तेव्हा गिरणी कामगारांच्या संघटनेने १९०९ मध्ये आपल्या सभासदांचे मत घेतले. कामगारांनी, म्हणजे त्या मुलांच्याच आईबापांनी, मोठ्या बहुमताने वयाची अट वाढवायला नकार दिला. घरात येणारे चार शिलिंग कोणाला सोडवणार? शिवाय आम्हीही असेच वाढलो, हाताला वळण लहानपणीच लागते, असेही ते म्हणत. १९१८ च्या शिक्षण कायद्याने ही पद्धत रद्द केली, आणि प्रत्यक्षात ती १९२१ मध्ये संपली. आज आपल्या नातवंडांच्या वर्गात त्याच गिरणी कामगारांची पणतवंडे बसतात. त्यांच्या पणजोबांना मुलांची माया नव्हती असे आपण म्हणू का?

आपलाही कबुलीजबाब द्यायला हवा. माझ्या माहेरी वरकामाला एक मुलगी होती, माझ्याहून वर्षाने लहान. मी शाळेला निघाले की ती अंगण झाडत असे. आई म्हणायची, "बिचारीला दोन घास मिळतात, त्यात वाईट काय?" तिच्या आईनेही तसेच म्हणून तिला आमच्याकडे सोडले असणार. भारतात १० ऑक्टोबर २००६ पासून घरकामाला आणि हॉटेल-ढाब्यांवर चौदा वर्षांखालची मुले ठेवायला बंदी आली. त्याआधीच्या आपल्या किती घरांत अशी एखादी मुलगी होती, हे ज्याने त्याने आठवावे. मी तिला कधी पाटी दिली नाही.

आता वसतिगृहाकडे येऊ. ऊसतोडीच्या मुलांसाठी पहिला मोठा प्रयत्न म्हणजे साखरशाळा. जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात, तोडणी कामगारांच्या तळांवर त्या चालवल्या. मोठे काम होते. पण टोळी एका जागी राहत नाही. टायरगाडीवाल्या टोळ्या फड बदलत गावोगाव फिरतात. शिवाय मूल आईच्या नजरेसमोर तळावर असले की धाकट्याला कोणी घ्यायचे हे ठरलेलेच असते. म्हणून दुसरी वाट निघाली, मूल गावातच ठेवायची. हंगामी वसतिगृह योजनेत आईबाप गेल्यावर साधारण सहा महिने मुलांच्या जेवणाची सोय गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीमार्फत होते. त्याखेरीज २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली, मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगवेगळी, प्रत्येकी १०० जागांची. भगवानगडाच्या बाबांनी आयुष्यभर लोकांना मुले शिकवा म्हणून सांगितले, त्यामुळे नाव योग्यच आहे.

दोन वर्षांपूर्वी भावाकडे गेले होते, तेव्हा आपला न्यास मदत करतो ते हंगामी वसतिगृह पाहून आले. वसतिगृह हे नाव मोठे आहे. प्रत्यक्षात शाळेच्या दोन खोल्या, एक चूल, स्वयंपाकाला दोन बायका. मुले सकाळ-संध्याकाळ तिथे जेवतात आणि बरीचशी रात्री आजीकडे झोपायला जातात. म्हणजे योजना कागदावर शासनाची असली तरी रात्री ती गावातल्या म्हाताऱ्या माणसांवर चालते. आपल्या वयाच्या माणसांवर. एक आजी मला म्हणाली, "पाच नातवंडं हायती. भाकरी दोघांची व्हती माझ्याच्यानं, पाचाची न्हाई." संध्याकाळचे जेवण शाळेत मिळते म्हणून ती पाचांना ठेवून घेते. ते नसते तर तीन फडावर गेले असते.

तिथेच एक आई भेटली, जायच्या तयारीत. मोठी मुलगी तेरा वर्षांची. मी तिला काकांचाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "ताई, शाळा मला बी पाहिजे. पण पोर वयात आली, कुणाच्या भरोशावर ठेवू? संगं न्यावी तर शाळा गेली, मागं ठेवावी तर जिवाला घोर." या घोरापायी मुलींची लग्ने लवकर उरकली जातात, आणि लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो. मुलींसाठी वेगळी खोली, रात्री सोबतीला एक बाई आणि दाराला कडी, एवढ्याने त्या आईचा निर्णय बदलला असता. असे तिने स्वतः सांगितले.

आणि इथे आपल्या न्यासाची एक चूक सांगते. तिच्यात मीही सामील आहे. आपण या वसतिगृहासाठी निधी गोळा करतो नाताळच्या सुट्टीत, कारण तेव्हा देवळात गर्दी असते. पैसे पोचतात जानेवारीच्या अखेरीस. शासनाचा निधीही बऱ्याच ठिकाणी उशिराच येतो, आणि वसतिगृह सुरू होईपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात. आईबाप ठरवतात ते उचल घेताना, आषाढ-श्रावणात. दसऱ्याला बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये चढते. त्या दिवशी चूल पेटलेली नसेल तर लेकरूही चढते. आपले जानेवारीतले पैसे मग मागे राहिलेल्या थोड्या मुलांच्या उपयोगी पडतात.

म्हणून विश्वस्त मंडळाकडे मी लेखी विनंती केली आहे की या वर्षापासून वसतिगृहाचा निधी गणेशोत्सवात गोळा करावा आणि सर्वपित्री अमावास्येपर्यंत पाठवावा. पितृपक्षात बरेच सभासद अन्नदानासाठी पावती फाडतातच. त्यातला काही भाग या संध्याकाळच्या जेवणाकडे वळवता येईल का, हे प्रत्येकाने आपल्या घरी विचारावे. पहिली गरज स्वयंपाक करणाऱ्या दोघींच्या पहिल्या दोन महिन्यांच्या पगाराची आहे, दुसरी मुलींच्या खोलीची आणि रात्रीच्या सोबतीच्या बाईची. कपडे आणि खेळणी कृपया पाठवू नयेत, ती पोचवण्याचा खर्च त्यांच्या किमतीहून जास्त होतो.

जे सभासद हिवाळ्यात गावी जातात आणि ज्यांचे गाव बीड-नगरच्या वाटेवर आहे, त्यांनी एक संध्याकाळ तिथे जेवायला थांबावे. पत्ता माझ्याकडे मिळेल. पुढच्या अभ्यासवर्गाला काका येणार आहेत, त्यांनी आणखी प्रश्न आणायचे कबूल केले आहे. ज्यांना गाडीची अडचण आहे त्यांनी आदल्या दिवशी कार्यालयात कळवावे, न्यायला कोणीतरी येईल.