आधी नळीत गज सोडा

17 सप्टेंबर जवळ आला की जिंतूरकडच्या शाळांत मुक्तिसंग्रामाच्या चित्ररथाची गडबड सुरू होते. पोशाख-हत्यारांचं काम बहुधा माझ्याकडे येतं. एका वर्षी एक पोरगा वाड्यातली ठासणीची बंदूक घेऊन आला. दस्ता जमिनीवर, नळीच्या तोंडावर दोन्ही तळवे आणि त्यावर हनुवटी टेकवून ऐटीत उभा!

त्याला आधी बाजूला घेतलं. घोड्याखाली टोपी नाही हे पाहिलं, बंदूक मोकळ्या माळाकडे तोंड करून आडवी ठेवली आणि नळीसमोर न येता लाकडी गज आत सोडला. अडला तेव्हा नळीच्या तोंडाशी गजावर खडूची खूण केली. मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. टोक, टोपी बसते त्या कानाच्या चार बोटं अलीकडेच थांबलं. नळीत बार होता.

यात नवल काही नाही. अमेरिकेतल्या 1873 च्या विंचेस्टरची खालची कडी ओढली की काडतूस बाहेर पडतं. ठासणीचा बार मात्र तोंडातून भरायचा, काढायची सोपी रीत म्हणजे उडवणं. सावज मिळालं नाही की भरलेली बंदूक तशीच खुंटीला लागे. आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते.

ती बंदूक आम्ही हलवली नाही. पोलीस ठाण्यात कळवलं, पुढचं त्यांनी पाहिलं. गरम पाणी ओतणं, खरवडणं असले घरगुती उपाय कुणी करू नयेत.

1948 चं चित्र खरं दिसावं असं वाटत असेल, तर बंदूक पट्ट्याने खांद्याला, नळी आभाळाकडे, गज नळीखाली, दारूचं शिंग वेगळं कमरेला आणि घोड्याखाली टोपी नाही, अशी दाखवा. सिनेमातल्यासारखी गरगर फिरवू नका. मात्र हे सगळं सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी नमुन्यावर. जुनी म्हणून बंदूक कायद्यातून सुटत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही उडणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. बाकीच्यांना परवाना हवा.

तुमच्या वाड्यात अशी बंदूक टांगलेली असेल, तर पोरांचा हात पोचण्याआधी ठाण्यात जाऊन सांगा. चित्ररथाची वाट पाहू नका.