पिष्ट, पाला आणि जैववायू

जैववायू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शेणच येते. वास्तविक शेण म्हणजे गुराच्या पोटात एकदा पचून गेलेले अन्न होय. त्यातील सहज पचणारा भाग जनावराने आधीच घेतलेला असतो. पिष्टाची गोष्ट निराळी आहे. एक किलोग्रॅम शुद्ध पिष्टाचे पूर्ण विघटन झाल्यास, हिशेबाने, सुमारे ८३० लिटर वायू निघतो आणि त्यात निम्मा मिथेन असतो.

मग पाचकात निव्वळ पीठच का घालू नये? पाचकात जिवाणूंचे दोन वर्ग एकापाठोपाठ काम करीत असतात. पहिला वर्ग पिष्टाची साखर व साखरेची आम्ले बनवितो. दुसरा त्या आम्लांपासून मिथेन तयार करतो. पहिला चपळ, दुसरा मंद. पिष्ट फार झाले की आम्ले साठत जातात, सामू ६.५ च्या खाली घसरतो व मिथेनकारक जिवाणूंचे काम थंडावते. शिवाय पिष्टात नत्र जवळजवळ नसतोच, आणि जिवाणूंना तर कर्बाच्या वीस ते तीस भागांमागे एक भाग नत्र लागतो.

ही उणीव हिरवा पाला भरून काढतो. शेंगवर्गीय वनस्पतींचा पाला किंवा कोवळे गवत कुजताना त्यातील नत्रापासून अमोनिया निघतो व तो आम्लांना आवर घालतो. पाल्यातील सेल्युलोज सावकाश पचते. त्यामुळे पिष्टाचा भर ओसरला तरी वायू मिळत राहतो. सुके काड मात्र या कामी फारसे उपयोगी नाही. त्यात नत्र कमी, आणि सेल्युलोजला वेढून बसलेले लिग्निन हवेविना पचतच नाही म्हटले तरी चालेल.

जर्मनीत २००४ च्या कायदादुरुस्तीने, खास पिकविलेल्या वनस्पतींपासून निघणाऱ्या विजेला वाढीव दर मिळाला. मक्याचा मुरघास व जनावरांची मलमूत्राची रबडी एकत्र पचविणारी संयंत्रे झपाट्याने उभी राहिली. मक्याचे क्षेत्र इतके वाढले की, २०१२ पासून नव्या संयंत्रांत मका व धान्य मिळून ६० टक्क्यांहून अधिक असू नये, असे बंधन घालावे लागले. जेथे धान्य विकत घेऊन खाणारी कुटुंबे कोट्यवधी आहेत, त्या आपल्या देशाने हा कित्ता गिरवू नये, असे आम्हांस वाटते.

पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी दुसरी वाट धरली. तेथील लहान घरगुती संयंत्राला खरकटे, खराब पीठ, अखाद्य कंद व बिया चालतात. २००६ मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला.

आरंभी पाचकात शेणकाला भरावा आणि वायू नीट जळू लागल्यावरच पीठ व बारीक चिरलेला पाला थोडा थोडा वाढवावा. आंबूस वास येऊ लागला व ज्योत टिकेनाशी झाली, तर काही दिवस पीठ पूर्ण बंद ठेवावे.