नाथांचे अपुरे रामायण आणि घरातील बाड

भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्याच्या टोकाला, बावनथडीच्या काठी बपेरा हे गाव आहे. नदी ओलांडली की मध्यप्रदेश लागतो. तेथे भावार्थ रामायणाची पोथी चालू असता आम्ही श्रवणास बसलो होतो. युद्धकांडाचा ४४ वा अध्याय संपला. पोथीवर रुमाल घालता घालता बुवा म्हणाले, "नाथांची वाणी येथवर. पुढचे गावबाचे." तशी मागून एक म्हातारी माय बोलली, "नाथबाबा त गेले, मंग दुसऱ्यानं लिवलं त चालते का जी?"

मंडळी हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही.

नाथमहाराज इ. स. १५९९ साली पैठणास गोदेत देह ठेवते झाले, तेव्हा रामायण अपुरे होते. गावबाची कथा आपण कीर्तनात ऐकतोच. पुरणपोळीच्या ओढीने हे पोर नाथांच्या वाड्यात आले आणि तिथलेच होऊन राहिले. मंत्र द्यावा तर तो घेईना. एकनाथ या नावावाचून दुसरे नाम त्याच्या मुखी येईना. भोळाच म्हणायचा! पण परंपरा सांगते की उरलेला ग्रंथ हाच पुरा करील, असे नाथांनी स्वतः सांगून ठेवले, आणि तसेच झाले. आज २९७ अध्यायांचे रामायण आपण एकाच भक्तीने वाचतो.

आता गंमत पाहा. हेच नाथ ज्ञानेश्वरीपाशी किती कडक! माउलींनी ग्रंथ सांगितला १२९० साली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांत नकलांवर नकला झाल्या, पाठ बिघडले, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घुसडल्या. नाथांनी १५८४ साली प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि पुढे कोणी आपली ओवी यात घालू नये, अशी ताकीद दिली. स्वतः एवढे मोठे कवी, पण आपले अक्षर त्यांनी तेथे मिसळले नाही. मग गावबाला मोकळीक कशी? आम्हांस वाटते, माउलींचा ग्रंथ पसायदानाने पुरा झालेला होता. त्यात भर घालणे म्हणजे भेसळ. रामायण अर्ध्यावर होते, ज्याचे होते त्यानेच ते सोपवले, आणि जोड कोठे आहे हे लोकांनी लपवून ठेवले नाही. हे शेवटचे फार मोलाचे.

तुकोबारायांची गोष्ट याहून अवघड. त्यांचा ग्रंथ असा नव्हताच. अभंग होते, ते मुखोमुखी आणि वह्यांतून पांगलेले. चाकणचे संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ यांनी लिहून ठेवले म्हणून पुष्कळ उरले. १६५० साली तुकोबा वैकुंठास गेले. छापील गाथेचा पंडितद्वयाने सिद्ध केलेला पहिला भाग यायला १८६९ साल उजाडले, दुसरा १८७३ साली आला. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते जुळवून ते काम केले. मुंबई सरकारने त्यासाठी २४,००० रुपये दिले. त्या गाथेत अभंग साडेचार हजारांच्या वर, आणि वि. ल. भावे यांनी १९१९-२० साली संताजींच्या वह्यांवरून जी गाथा छापली, तिच्यात सुमारे तेराशे. मग बाकीचे खोटे काय? तसे मुळीच नव्हे. एका लिहिणाऱ्याजवळ सगळे कोठून असणार? पण "तुका म्हणे" हे दोन शब्द कोणालाही जोडता येतात हेही खरे, म्हणून कोणता अभंग कोणत्या वहीत सापडला याची नोंद ठेवणारा आम्हांस शंभर अभंग नवे आणणाऱ्यापेक्षा जवळचा वाटतो.

असो. पोथी सुटल्यावर मायने आम्हांस घरी नेले तेव्हा तिच्या प्रश्नाचे मूळ कळले. तिचे सासरे भजनी मंडळात चाळीस वर्षे वीणा धरीत. त्यांचे बाड फडक्यात बांधलेले होते. बरेचसे संतांचे अभंग, मधूनमधून त्यांची स्वतःची पदे, काही दोनच चरणांवर थांबलेली. नातू म्हणत होता, "आजोबांची पदं मी पुरी करतो अन् त्यांच्या नावानं पुस्तक छापतो." भाऊबंद म्हणत होते की जुनी वही घरात कशाला, बावनथडीत सोडून द्या. आमच्याकडे ही रीत फार आहे. पाने फाटली की पोथी नदीला. इंद्रायणीत बुडालेल्या वह्या तरल्या, म्हणून आपल्याही तरतील असे कोणी समजू नये हो!

नातवाला आम्ही म्हटले, "बाळा, आजोबांनी तुला पुरे कर म्हणून सांगितले होते काय?" तो गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही जी."

मग दोन दिवस बसून त्याने नवी वही केली. संतांचे अभंग वेगळे काढले. आजोबांची पुरी पदे जशीच्या तशी उतरली, चुकलेल्या ऱ्हस्वदीर्घासकट. एका ठिकाणी अक्षर कसरीने खाल्ले होते, तेथे त्याने टिंबे दिली. अपुऱ्या पदांखाली जागा कोरी ठेवली. त्याला स्वतःला सुचलेले दोन चरण त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आणि खाली आपले नाव घातले. पानांचे फोटोही काढून मंडळातल्या दोघांकडे दिले. जुने बाड मायने पुन्हा फडक्यात बांधून देवघरात विठोबाच्या तसबिरीखाली ठेवले.