दुसरा बजी घरी आणण्याआधी

एकटा बजी माणसाळतो आणि जोडी आणली की दोघं एकमेकांत रमून माणसाला विसरतात, असं पक्षी पाळणारे सर्रास सांगतात. यात थोडं तथ्य आहे. पण तेवढ्यावर विसंबून कित्येक बजी जन्मभर एकटे ठेवले जातात, आणि कित्येक घरांत जोडी आल्यावर हातावर बसणारा पक्षी बुजरा होतो. आमच्याकडे हे दुसरं घडलं आणि ते निस्तरायला फार काळ गेला. त्यातून जे कळलं ते सांगते, कारण पक्षी विकत घेताना हे कुणी सांगत नाही.

आमचा पहिला बजी पिकू आला तेव्हा त्याच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट नाकापर्यंत आलेल्या होत्या. बजी लहान असल्याची ही खात्रीची खूण. तीन-चार महिन्यांचा होऊन पहिली पिसं झडली की रेघा मागे सरतात आणि कपाळ स्वच्छ दिसतं. एवढ्या वयात आणलेलं पिल्लू लवकर जवळ येतं. पिकू खांद्यावर बसून कानातल्याशी खेळायचा, मी कोथिंबीर निवडायला बसले की काड्या ओढायचा. पण सगळे कामाला गेले की दिवसभर तो एकटाच. बजी हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला, पाण्याच्या शोधात थव्याने हिंडणारा पक्षी. थव्यापासून तुटणं म्हणजे त्याच्यासाठी धोका. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली की तो ज्या जिवाच्या आकांताने हाका मारायचा, त्या ऐकून आम्ही सोबती आणायचं ठरवलं. ते ठरवणं आजही मला योग्यच वाटतं.

बिघडलं ते आणण्याच्या पद्धतीमुळे. "एकाच पिंजऱ्यात सोडा, जुना नव्याला शिकवेल," असा सल्ला आम्हाला मिळाला होता. सोबतीला आणलेला सोनू मोठा झालेला नर, खच्चून भरलेल्या पिंजऱ्यातून जाळीने पकडून दिलेला. मी पाण्याची वाटी बदलायला दार उघडलं की तो फडफडत मागच्या गजांवर आदळायचा. पिकूला माझ्या हाताची भीती नव्हती, तरी तोही उडायचा. थव्यातला एक उडाला की बाकीचे कारण शोधत थांबत नाहीत. जो थांबतो तो शिकाऱ्याच्या तावडीत सापडतो, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समज. पिकू आधी सोनूच्या मागून उडायचा, मग त्याच्या बरोबरीने, आणि शेवटी माझा हात दिसताच सोनूच्याही आधी. जुना नव्याला शिकवायचं राहिलं बाजूला, नव्याची भीतीच जुन्याच्या अंगी बाणली.

म्हणून माझं पहिलं सांगणं, दुसरा पक्षी आणायचा तर दुसरा पिंजरा आधी आणा. नवा पक्षी किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत राहू द्या. हे आरोग्यासाठीही गरजेचं आहे. पोपटवर्गातल्या पक्ष्यांचा एक जिवाणूजन्य ताप माणसालाही होतो, आणि आजारी पक्षी वरून ठणठणीत दिसू शकतो. आधी जुन्याचं दाणापाणी करायचं, मग नव्याचं, नंतर हात स्वच्छ धुवायचे. जमल्यास पक्ष्यांच्या डॉक्टरकडून नव्याची विष्ठा तपासून घ्यावी.

हाच काळ नव्याला माणसाळवायचा. सुरुवातीला पिंजऱ्याजवळ नुसतं बसायचं. पेपर मोठ्याने वाचला तरी चालतो, त्याला आवाजाची सवय व्हायला हवी. अंगाला घट्ट चिकटलेली पिसं आणि ताठ, उंच झालेली मान दिसली की पक्षी घाबरलाय असं समजून हात मागे घ्यायचा. एक पाय पोटाशी घेऊन, पिसं किंचित फुलवून तो चोच बारीक करकर वाजवू लागला की तो निवांत आहे. मग राळ्याचं कणीस गजांतून पुढे करायचं आणि पुढे दार उघडून तळहातावरून. एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे, पण रोज. हातमोजे घालून किंवा फडक्यात गुंडाळून पकडण्याच्या भानगडीत पडू नये, अशा एका पकडीने कित्येक दिवसांची कमाई जाते.

आम्ही दोघांना वेगळं केलं ते बऱ्याच उशिरा. सोनूला आतल्या खोलीत हलवलं आणि दोघांशी ओळख नव्याने सुरू केली. पिकू तुलनेने लवकर परतला. सोनू बरेच दिवस कणसाच्या टोकाला चोच लावून मागे सरायचा. मग एकदा त्याने एक पाय माझ्या बोटावर ठेवला. दुसरा पाय दांडीवर घट्ट, मान लांब ताणलेली, आणि त्या अवघडलेल्या अवस्थेत तो दाणे टिपत राहिला. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. त्याच्या नख्या आणि एवढंसं वजन, ते बोटावर जाणवतं तेव्हा कष्टांचं काही वाटत नाही.

त्यानंतरच पिंजरे शेजारी आणायचे. पहिली भेट पिंजऱ्याबाहेर, दोघांपैकी कुणाचीच नसलेल्या जागी घडवावी. खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि पंखा बंद, यात हयगय नको. फिरत्या पंख्याने पाळीव पक्षी मेल्याची उदाहरणं आपल्याकडे सर्रास आहेत. कणीस हातात धरलं की माणसाळलेला पक्षी आधी येतो आणि दुसरा त्याला बघतो. जुना नव्याला शिकवतो हे इथे खरं ठरतं, कारण आता नव्याची भीती ओसरलेली असते. एका पिंजऱ्यात ठेवायचंच झालं तर दाण्याच्या वाट्या दोन आणि दोन टोकांना हव्यात. एकत्र राहू लागल्यावरही रोज थोडा वेळ प्रत्येकाला वेगळं काढावं. आमच्या घरी हे मी कधीच चुकू देत नाही. चार दिवस खंड पडला तरी दोघांचं बोटावर येणं मंदावतं.

जोडी निवडताना दोन नर सर्वांत सोपे. दोन माद्या एका पिंजऱ्यात बऱ्याचदा भांडतात. नर-मादी असतील तर घरट्यासाठी मडकं लावू नका. माझ्या मावसबहिणीकडची मादी इतकी गरीब की मुलांच्या डोक्यावर बसायची. पिंजऱ्यात मडकं आलं आणि ती त्याच्या तोंडाशी बसून जवळ येणाऱ्या प्रत्येक हाताला रक्त निघेपर्यंत चावू लागली. तिला दोष देण्यात अर्थ नाही, घरटं राखणारी मादी असंच करणार. मडकं काढलं, रात्री दहा-बारा तास अंधार मिळेल अशी सोय केली, तेव्हा ती हळूहळू शांत झाली. आफ्रिकन लव्हबर्ड मात्र बजीच्या पिंजऱ्यात कधीच नको, ते बजीच्या पायाची बोटं तोडू शकतात. आणि आपल्याकडचा कंठवाला पोपट सोबतीला आणायचा विचारही करू नका. तो पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

काहींच्या घरी दोन बुजरे पक्षी आधीपासूनच एकत्र असतात. त्यांची घट्ट जोडी जमली असेल तर त्यांना ओढून वेगळं करू नये, हाकांनी दोघंही हैराण होतात. अशा वेळी दोघांवर एकत्रच मेहनत घ्यायची. त्यांतला जो जास्त धीट असेल त्याच्या कलाने जायचं आणि वेळ दुप्पट लागेल हे धरून चालायचं. राळ्याचं कणीस एरवी पिंजऱ्यात टांगू नये, ते फक्त हातातूनच मिळावं. रोजचे दाणे मात्र कधीही बंद करू नयेत. उपाशी ठेवलं की लवकर जवळ येतात असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. तीस-चाळीस ग्रॅमचा जीव आहे, एका दिवसाची उपासमारही त्याच्या जिवावर बेतू शकते.